उद्घाटनाची फेरी

कप्तानांना दिसत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त कप्तानांना ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणजे अगदीच दिसत नव्हतं असं नाही. कडेकडेचं दिसायचं. मधोमध जे असेल ते नेमकं गायब व्हायचं, आणि माणसं बोलायला येतात ती मधोमधच उभी राहतात, त्यामुळे पंचाईत. गेलं वर्षभर कप्तान समोरच्याच्या कानाकडे बघत बोलत होते. शहराला वाटलं, पुन्हा पुन्हा नगराध्यक्ष झाल्यावर एवढी गुर्मी यायचीच. शाळेच्या बक्षीस समारंभात त्यांनी ढाल विजेत्याऐवजी निवेदकाच्या हातात दिली, तेव्हा लोक म्हणाले, पडद्यामागच्या माणसाचा असा सन्मान करायला मन मोठं लागतं. पालिकेच्या सभेत तर त्यांनी विरोधी गटाच्या औषधवाल्याला आपला माणूस समजून ठरावावर बोलायला उभं केलं. तो जे बोलला ते त्यांचा स्वतःचा माणूस बोलला असता तितकंच निरर्थक होतं, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही.

घरच्यांच्या मात्र लक्षात आलं होतं. आणि उद्या सकाळी कप्तान नगरपालिकेची नवी फेरीबोट स्वतः चाक धरून बंदराबाहेर नेणार होते. बोटीवर शहरातली झाडून सगळी प्रतिष्ठित मंडळी असणार होती, आणि शोभेला एका शाळेचा अख्खा वर्ग.

म्हणून आज दुपारी कप्तान आडवे झाल्याबरोबर सगळं कुटुंब स्वयंपाकघरात जमलं. दिवाणखाना टाळला, कारण तिथला आवाज त्यांच्या खोलीत जातो. डोळे गेले असले तरी कान शाबूत होते, आणि त्या कानांना आयुष्यभर इंजिनातला बिघाड ऐकायची सवय.

"कोणीतरी त्यांना सांगायला हवं," थोरला म्हणाला.

कपबशा पुसता पुसता सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. 'कोणीतरी' हा त्याचा आवडता माणूस होता. घराचं छत गळायला लागलं की कोणीतरी बघायला हवं, गोदीतला फोरमन दारू पिऊन आला की कोणीतरी बोलायला हवं. वडिलांची गोदी तो सांभाळत होता, निदान पाटीवर तरी तसं लिहिलेलं होतं. सूनबाई त्याच गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात बोटींचे नकाशे काढायला म्हणून आली होती आणि लग्न होऊन तिथेच राहिली. नव्या फेरीबोटीचा नकाशा तिचाच. पगार वाढवून मागायच्या बेतात असताना तिला मागणी घालण्यात आली, आणि हा निव्वळ योगायोग आहे असं घरात सगळे मानत.

"दादा, तू मोठा आहेस. तू सांग," धाकटी म्हणाली. ती कप्तानांची लाडकी लेक. लाडकी याचा अर्थ, तिला ते रागावताना आधी घसा साफ करत.

"मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मी गोदी नावावर करून घ्यायला निघालोय. तू सांग."

"मी सांगितलं तर वाटेल, मी ह्यांच्यासाठी खुर्ची रिकामी करतेय."

"आणि असं त्यांना वाटलं तर ते अगदी चूक आहे," जावईबापू घाईघाईने म्हणाले. ते नगरसेवक होते, रस्त्यांचे कंत्राटदार होते, आणि उद्या भर समुद्रात कप्तान आपला वारस म्हणून त्यांचं नाव जाहीर करणार असं त्यांना स्वतःकडूनच खात्रीलायक कळलं होतं. त्यासाठी त्यांनी नवा कोट शिवला होता. थोरल्याला त्याच घोषणेत दुसऱ्या फेरीबोटीचं काम गोदीला मिळेल असं वाटत होतं. त्यामुळे उद्या कप्तानांनी बोट बुडवू नये ही सगळ्यांची मनापासून इच्छा होती, आणि घोषणा करायच्या आधी तर मुळीच बुडवू नये.

"आई, तू?" धाकटीने विचारलं.

आई शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मला विचारू नका. लग्नानंतर मी त्यांना एकदाच काहीतरी समजावून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते जहाजावर गेले ते पुढच्या उन्हाळ्यात परतले."

हळूहळू सगळ्यांच्या नजरा कपबशांच्या दिशेने वळल्या.

"वहिनी, बाबा तुझं ऐकतात," धाकटी म्हणाली.

"कधी ऐकलंय?"

"म्हणजे तुझ्यावर ओरडत नाहीत."

"ते माझ्याशी बोलतच नाहीत. बोलले तर नकाशाबद्दल."

"मग तेच. नकाशातलंच काहीतरी आहे असं म्हणून सांग."

"मी एकटी नाही सांगणार," सूनबाई म्हणाली. "चहाच्या वेळी तुम्ही तिघं विषय काढा. मी तुमच्यामागे आहे."

हे सगळ्यांना पटलं. थोरल्याने तर पाठीवर थाप मारून जावईबापूंना म्हटलं, "एकी असली की झालं." या घरात एकी अधूनमधून होत असे. ती साधारण चहा होईपर्यंत टिके.

*

कप्तान नौदलात कप्तान नव्हते. तिथे ते त्याच्या एक पायरी खाली होते, आणि ती पायरी चढू दिली नाही म्हणूनच रागावून बाहेर पडले. शहराने ती बढती त्यांना परस्पर देऊन टाकली. शहरात परतल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते म्हणजे बंदराच्या गाळात कित्येक वर्षं रुतून बसलेला एक बार्ज, सपाट बुडाची मालवाहू होडी, भंगारात विकत घेतला. ओहोटीला त्याच्या पोटाखाली रिकामी पिंपं बांधली आणि भरतीची वाट पाहत धक्क्यावर खुर्ची टाकून बसले. हसायला गर्दी जमली. भरतीला बार्ज सुटला, वर आला, आणि हसणाऱ्यांतले निम्मे लोक पुढे त्यांच्याच गोदीत कामाला लागले. त्याबद्दल कप्तानांनी कधी टोमणा मारला नाही. पगाराच्या दिवशी नुसते बघायचे.

मग गोदीसमोरचं गटार तुंबलं. पालिका ते साफ करीना, म्हणून कप्तान निवडणुकीला उभे राहिले. गटार साफ झालं, पण खुर्ची काही सुटली नाही. खोटं कशाला बोला, कामं केली त्यांनी. पाण्याची टाकी बांधली, दवाखान्यावर मजला चढवला, बाजारात दिवे लावले. खाडीपलीकडच्या वस्तीतली माणसं कामाला यायला लांबचा वळसा घालत होती, म्हणून फेरीबोटीचा घाट घातला तोही त्यांनीच. बोट नगरपालिकेने घेतली, बांधली कप्तानांच्या गोदीने, आणि धक्क्यापर्यंतचा रस्ता केला जावईबापूंनी. विरोधक याला भानगड म्हणत. कप्तान याला समन्वय म्हणत.

घरातही नौदलच होतं. जेवणाची वेळ म्हणजे वेळ. उशीर झाला तर नातवंडांसकट सगळ्यांना कारण द्यावं लागे आणि कारण कधीच पुरेसं नसे. कशालाही कोणी 'असं का' म्हटलं की कप्तान म्हणत, "नौदलात अशी प्रथा आहे." चादरीला घड्या किती घालायच्या इथपासून मुलीला कोणता जावई चालेल इथपर्यंत नौदलाने सगळ्याचा विचार करून ठेवला होता.

*

चहाच्या वेळी ते बाहेर आले. एका हाताची बोटं भिंतीवरून फिरवत आले, धूळ तपासल्यासारखी. पूर्वी खरंच तपासायचे, त्यामुळे बघणाऱ्याला फरक कळत नसे. बरोबर स्वतःच्या खुर्चीत बसले.

थोरल्याने घोट घेतला, खोकला, आणि हिंमत करून म्हणाला, "बाबा, उद्या वारा जरा जास्त आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणजे, रेडिओवर."

"रेडिओ कुठल्या जहाजावर होता?"

थोरल्याची हिंमत तिथे संपली. तो बिस्किटाची बशी उगाच इकडून तिकडे सरकवू लागला.

जावईबापू पुढे सरसावले. "मी काय म्हणतो, कप्तान. उद्या तुम्ही धक्क्यालाच चाकावर हात ठेवा. छान फोटो होईल. पुढे काय, सारंग आहेच की. त्याचं ते रोजचं काम."

"जावईबापू, तुम्ही रस्ते असेच करता काय? फोटोपुरते?"

थोरला मोठ्याने हसला. तो इतका मनापासून हसला की एकी तिथेच संपली.

"रस्ता केव्हाच तयार होता," जावईबापू म्हणाले. "बोट मात्र गोदीतून उशिरा निघाली."

"रस्त्यावरच्या खड्ड्यांतून इंजिन आणायचं होतं ना, म्हणून उशीर," थोरला म्हणाला.

"दादा, ह्यांच्या कामाबद्दल बोलायचं कारण नाही," धाकटी म्हणाली. मग वडिलांनी तिच्या कानाकडे पाहिलं तशी तिने लगेच बाजू बदलली. "पण इंजिन आणताना खड्डे लागले होते, हे मात्र खरं."

जावईबापूंनी बायकोकडे असं पाहिलं की ते बघणं घरी गेल्यावर पुरं करायचं होतं. कप्तान चहा पीत होते. एकमेकांशी भांडणारं कुटुंब त्यांना नेहमीच आवडे, कारण तेवढ्या वेळात त्यांच्याविरुद्ध कोणी नसे.

अखेर धाकटीला उपाय सुचला. "बाबा, वहिनीला काहीतरी सांगायचंय."

आणि तिघांनीही आपापल्या कपात डोकावून पाहिलं. पाठीशी उभी राहणार म्हणाली होती ती सूनबाई आता सगळ्यांत पुढे होती, आणि तिच्या पाठीशी फक्त भिंत.

"बोटीबद्दल आहे," ती म्हणाली. "गॅलरीत बोलू या का?"

*

गॅलरीतून बंदर दिसायचं. मासेमारीचे पडाव, बर्फाचा कारखाना, गोदीची लांब पत्र्याची शेड, आणि तिच्या पुढे झेंडे लावून नटवलेली नवी पांढरी बोट. कप्तान कठड्याला टेकून उभे राहिले.

"बोल."

सूनबाईने स्वयंपाकघरात तीन-चार गोड वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांतलं एकही आठवेना.

"बाबा, उद्या तुम्ही बोट नेऊ नका. तुम्हाला दिसत नाही."

खाली रस्त्यावरून एक हातगाडी गेली. कप्तानांनी तिचा आवाज वळणावर मिटेपर्यंत ऐकला.

"कोण म्हणतं?"

"रेडिओ तरी नाही म्हणत."

"मला दिसतं." त्यांनी हात लांब केला. "ते बंदराचं तोंड. तिथे वाळूच्या पट्ट्यावर लाल बोया आहे. स्पष्ट दिसतोय."

"तो बोया आपण रंगवायला काढलाय. गोदीत उलटा पडलाय. तिथे सध्या एक काठी लावलीय." ती थांबली. "तुम्हाला तो आठवतोय, बाबा. दिसत नाही."

लांब केलेला हात खाली आला, पण लगेच नाही. हुकूम देऊन झाल्यावर हात खाली घेतात तसा, रुबाबात आला. मान राखून माघार घ्यायची कला नौदलात शिकवत असावेत.

"घरात कोणाकोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना. ढालीच्या समारंभापासून. आईंना त्याच्याही आधीपासून."

"आणि कोणी बोललं नाही."

"तुमचीच शिस्त. कप्तानाची चूक कप्तानाला सांगायची नसते."

"मग तू का सांगतेस?"

"कारण तो वर्ग मी काढलेल्या बाकांवर बसणार आहे. बाकं वरच्या डेकवर आहेत, कठड्याजवळ. वाळूला बोट घासली तर पहिला हिसका तिथेच बसेल. मला तो नकाशा डोळे मिटूनही दिसतो."

कप्तान पहिल्यांदाच तिच्याकडे वळले, म्हणजे तिच्या खांद्यापलीकडे बघू लागले. आवाज मात्र बरोबर तिच्यावर आला.

"तुझ्या जन्माआधी मी वादळातून जहाजं आणली आहेत."

"हो. तेव्हा तुम्हाला दिसत होतं."

"उद्या बोट मीच नेणार. जा आत."

आत जाणं हा तिचा या घरातला ठरलेला मार्ग होता. ती दारापर्यंत गेलीही. मग तिथूनच म्हणाली, "मग उद्या मी बोटीवर चढायच्या फळीच्या तोंडाशी उभी राहीन आणि मुलांना चढू देणार नाही. कोणी कारण विचारलं तर सांगेन. माईक तिथे असेलच."

"याला नौदलात बंड म्हणतात."

"घरात काय म्हणतात ते मला माहीत नाही. आजवर कोणी केलेलं नाही."

आत आली तेव्हा तिघंही उभे होते, दवाखान्याच्या बाकावर बसून दमलेल्या नातलगांसारखे.

"काय म्हणाले?"

"जा आत म्हणाले."

"तू जरा गोडीत घ्यायला हवं होतंस," थोरला म्हणाला. मग बराच विचार करून त्याने बोटीवर लाइफ जॅकेट जास्तीची ठेवायचं ठरवलं. हा त्याचा त्या दिवसातला सर्वांत धाडसी निर्णय होता. जावईबापूंना नव्या कोटावरून जॅकेट घालता येईल का, अशी एक शंका होती, पण ती त्यांनी मनातच ठेवली.

आई तेवढी सुनेकडे बघत होती. शेंगांचं टोपलं उचलताना एवढंच म्हणाली, "उद्या पायात सपाट काहीतरी घाल. फळी ओली असते."

*

सकाळी धक्क्यावर सगळं शहर होतं. बँड होता, फीत होती, आणि सावलीतल्या खुर्च्यांसाठी प्रतिष्ठितांची झटापट चालली होती. सूनबाई फळीच्या तोंडाशी उभी होती. पायात सपाट चपला होत्या.

थोरला तिच्याजवळ आला. "अगं, लोक बघतायत."

"बघू देत. ज्यांना दिसतं त्यांनी बघावं."

तो परत गेला नाही. थोडं अंतर ठेवून उभा राहिला, म्हटलं तर तिच्या बाजूने, म्हटलं तर गर्दीत. त्याच्या हिशेबी हे बरंच झालं, असं तिला वाटलं आणि त्याबद्दल त्याच्यावर जरा माया आली.

शाळेचा वर्ग रांगेने आला. तिने आडवा हात धरला. "जरा थांबा, बाई. आधी भाषण होऊ दे."

"पण आम्हाला सांगितलं होतं की आधी मुलं चढणार."

"सांगितलं होतं. तरी थांबा."

शिक्षिकेने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुलांना खाली बसवलं. वर्ग सांभाळणाऱ्या बाईला कधी वाद घालायचा नसतो ते बरोबर कळतं.

कप्तान मंचावर चढले. जुना पांढरा कोट घातला होता, त्याची बटणं आता काजांपासून लांब राहत होती. त्यांनी शहराच्या प्रगतीवर भाषण केलं, पाण्याची टाकी झाली, दवाखाना झाला, दिवे झाले. मंचाच्या पायरीशी जावईबापू कोट सारखा करत, आश्चर्य वाटल्याचा चेहरा करून पाहत होते. सूनबाईचं लक्ष दुसऱ्या माईककडे होतं. तो निवेदकाच्या हातात होता. हिसकावून घ्यावा लागला तर किती पावलं पडतील, हे ती मनात मोजत होती.

"आता एक शेवटची गोष्ट," कप्तान म्हणाले. "नौदलात अशी प्रथा आहे."

सूनबाईने निवेदकाच्या दिशेने एक पाऊल टाकलं.

"नवं जहाज पहिल्यांदा बंदराबाहेर नेण्याचा मान कप्तानाचा नसतो. ज्याने ते जहाज कागदावर सगळ्यांच्या आधी पाहिलं, त्याचा असतो. या बोटीचा नकाशा माझ्या सुनेने काढला. चाक सारंगाच्या हातात राहील. हुकूम सूनबाईचा. मी आज प्रवासी."

अशी प्रथा जगातल्या कुठल्याही नौदलात नाही. नकाशा काढणाऱ्याला तिथे चहासुद्धा विचारत नाहीत. पण शहराने टाळ्यांचा कडकडाट केला, आणि औषधवाल्याने शेजारच्याला सांगितलं की ही प्रथा फार जुनी आहे, आपण वाचलेलं आहे.

कप्तान मंचावरून उतरले, भिंत नसलेल्या जागेत चार पावलं एकटे चालले आणि थांबले. मग त्यांनी हात पुढे केला, सूनबाईपासून वीतभर उजवीकडे. ती वीतभर उजवीकडे सरकली आणि तिने हात धरला.

"पोरांना चढू दे आता," ते हळूच म्हणाले.

*

सारंगाच्या केबिनमध्ये तिघंच होते. सारंग नवा होता, आजवर त्याने लहान पडावच चालवले होते. एवढी बोट हातात आणि नगराध्यक्ष मागे, त्यामुळे त्याच्या मानेवर घाम आला होता. कप्तानांनी स्टूल ओढून घेतलं आणि दार लावून घेतलं. बाहेर डेकवर मुलं गाणं म्हणत होती आणि जावईबापू कोणालातरी रस्त्याबद्दल सांगत होते.

"काय दिसतंय?" कप्तानांनी विचारलं.

"समोर बंदराचं तोंड."

"असं सांगतात होय? डावीकडून सुरुवात कर."

तिने डावीकडून सुरुवात केली. बर्फाचा कारखाना, दोन पडाव, जाळं ओढणारी माणसं, मग दगडी बांध, बांधावर बसलेले बगळे.

"बगळे उभेत की बसलेत?"

"उभे आहेत. एका बाजूला तोंड करून."

"म्हणजे वारा तिकडून आहे. पुढे?"

"काठी. बोयाच्या जागी लावलेली. पण ती वाकलीय, बाबा. जवळजवळ आडवी."

सारंगाने मागे वळून पाहिलं. काठीच्या डाव्या हाताने जायचं एवढंच त्याला सांगितलेलं होतं, आणि काठी आता कुठलाच हात दाखवत नव्हती.

"वेग कमी कर," कप्तान म्हणाले. मग थांबले. "म्हणजे, हुकूम तिचा आहे."

"वेग कमी करा," सूनबाई म्हणाली. आवाज स्वतःचाच वाटेना.

"आता काठी विसर. पाणी बघ. सपाट कुठे आहे आणि चुरगळलेलं कुठे?"

ती काचेला नाक लावून बघत राहिली. नकाशात पाणी ही एक निळी रेघ असते. इथे ते सारखं हलत होतं. "उजवीकडे चुरगळलंय. लहान लहान लाटा, मध्येच फुटतायत. डावीकडेही थोडं. मध्ये एक गुळगुळीत पट्टा आहे, पण तो सरळ नाही. बांधाकडे झुकलाय."

"किती झुकलाय?"

"बोट बांधाला लागेल असं वाटतंय."

"वाटू दे. वाळू सरकलीय. खोल पाणी तिथेच आहे."

तिने सारंगाला सांगितलं. त्याने चाक फिरवलं. बांध अंगावर आल्यासारखा जवळ आला, बगळे उडाले, वरच्या डेकवर मुलांनी ओरडून त्यांना निरोप दिला. उजव्या हाताला, बोटीच्या लांबीएवढ्यावर, पाण्याखालची पिवळी वाळू तिला स्वच्छ दिसली. मग ती मागे पडली आणि बोट उघड्या समुद्राच्या पहिल्या लाटेवर चढली. सारंगाने बाहीने मान पुसली.

सूनबाई आता न विचारताच सांगत राहिली. क्षितिजावर एक मालवाहू जहाज आहे, त्याचा धूर तिरका जातोय, उन्हाने पाणी मधोमध चमकतंय. कप्तान ऐकत होते, हात गुडघ्यांवर ठेवून.

"मी पुढची निवडणूक लढवणार नाही," ते शेवटी म्हणाले. "धक्क्यावर परतलो की तुझं नाव जाहीर करतोय."

"मला विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. आणि जावईबापूंचं नाव घेतलं तर शहरभर रस्ते होतील आणि चालायला जागा राहणार नाही."

"गोदी आहे, घर आहे," ती म्हणाली. "शिवाय मला भाषण करता येत नाही."

"काल गॅलरीत केलंस. माझ्यासमोर इतकं चांगलं भाषण वर्षानुवर्षं कोणी केलेलं नाही."

ती हसली नाही. बोट वळून परत निघाली होती, आणि दुरून शहर दिसत होतं. टाकी, दवाखाना, गोदीची शेड, सगळं एका हाताने मांडल्यासारखं. तो हात आता गुडघ्यावर पडून होता.

"एक अट आहे," ती म्हणाली. "पालिकेची दुसरी बोट उघड निविदेने निघेल. आपल्या गोदीला आपोआप मिळणार नाही. रस्तेही तसेच."

"म्हणजे घर बुडवणार तू."

"घर पोहायला शिकेल."

कप्तानांनी मान तिच्याकडे वळवली. नंतर थोडी तिरकी केली, आणि त्या तिरक्या डोळ्यांच्या कडेत ती त्यांना बहुधा सापडली, कारण ते तिच्याकडे पाहत राहिले. कौतुक म्हणावं तर चेहरा तसा नव्हता. गाळातून काहीतरी वर येताना बघणाऱ्याचा होता.

"घोषणेत हे सांगू?"

"नको. ते मी घरी सांगते."

*

घोषणा झाली. धक्क्यावर जावईबापूंनी तयार ठेवलेला आश्चर्याचा चेहरा आयत्या वेळी खराच उपयोगी पडला. औषधवाल्याने सगळ्यांत आधी येऊन सूनबाईचं अभिनंदन केलं, आणि जाताना विचारलं की त्याच्या गल्लीतला दिवा कधीपासून बंद आहे ते तिला ठाऊक आहे का.

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा घरातले वारे पार बदलले होते. जावईबापू तिला वहिनीसाहेब म्हणू लागले होते. धाकटी शेजारी येऊन बसली आणि लहानपणापासून आपलं वहिनीशीच जास्त जमतं असं म्हणाली. त्यांची ओळख लग्नात झाली होती.

थोरल्याने मात्र सरळ विचारलं. "दुसऱ्या बोटीचं कसं?"

"निविदा निघेल. गोदीनेही भरावी."

"आणि बाहेरचा कोणी घेऊन गेला तर?"

"तर बाहेरचा बांधेल."

सगळ्यांनी कप्तानांकडे पाहिलं. आता ते घसा साफ करतील, नौदलाची एखादी प्रथा काढतील, आणि घर पुन्हा आपल्या जागी जाईल. थोरल्याचा घास हातातच राहिला होता. कप्तान मात्र आपल्या ताटातलं चाचपत जेवत होते, सगळ्यांसमोर, उघडपणे, बोटांनी.

"पाणी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

उजवीकडे, डावीकडे, समोर, असं तिघांनी एकदम सांगितलं आणि तिघांचेही हात एकदम पेल्याकडे गेले. पेला आडवा झाला. पाणी टेबलभर पसरलं, जावईबापूंच्या नव्या कोटावर टपटप गळायला लागलं, आणि कोणाला काय करावं ते सुचेना. सूनबाई उठायला लागली तशी आईने तिच्या मनगटावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"तू बस," आई म्हणाली, आणि मुलाकडे, लेकीकडे, जावयाकडे आळीपाळीने पाहिलं. "पुसायला निविदा काढायची, की घरातलं कोणी उठतंय?"

तिघंही उठले.